आमच्या हॉलमधलं पनवेल

राहत्या घरात रेल्वे चालवायची असेल तर त्यासाठी अर्ज करू नये. हा सल्ला मी फुकट देतोय. मला तो कुणी वेळेवर दिला असता तर पुढची शोभा टळली असती. पण चौतीस वर्षं सरकारी नोकरीत आवक-जावक सांभाळलेला माणूस मी. अर्ज केल्याशिवाय यांना शिंकसुद्धा येत नाही, हा आमच्या हिचा जुना टोमणा. ही म्हणजे संध्या. ती सध्या बंगळुरात आहे. 'सध्या' हा शब्द मी गेले सात महिने वापरतोय.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपल्याकडची रीत. पण आमच्या क्षिप्राचा डॉक्टर बंगळुरात, नोकरी बंगळुरात, नवराही तिथेच. तेव्हा लेक माहेरी यायच्या ऐवजी माहेरच उठून लेकीकडे गेलं. माहेर म्हणजे संध्या, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणजे माहेरचा नुसता पत्ता. घराला कुलूप नको, दूधवाला बंद करायला नको आणि सोसायटीची टाकी साफ करायची तारीख जवळ आलीय, अशा तीन भक्कम कारणांसाठी मला नेरुळच्या फ्लॅटमध्ये मागे ठेवण्यात आलं. "दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे," संध्या म्हणाली. मग बाळाला कावीळ झाली. मग तिथली कामवाली गावाला गेली ती गेलीच. मग क्षिप्राची रजा संपली. मुदतवाढीची सगळी कारणं सबळ होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नोकरीत मी याहून फुसक्या कारणांवर मुदतवाढ दिलेली आहे.

मधे बारशाला चार दिवस जाऊन आलो. परतीचं तिकीट जावयांनी आधीच काढून ठेवलं होतं, खिडकीजवळचं. "बाबा, तुम्हीही राहा की," असं जावई म्हणाले. नाही असं नाही. पण कधी म्हणाले, तर मला टॅक्सीत बसवून दार लावताना. त्याला आमंत्रण म्हणत नाहीत, निरोप म्हणतात.

रोज संध्याकाळी पावणेसातला संध्याचा फोन यायचा. दुपारी जेवलात का, गॅस बंद आहे ना, तुळशीला पाणी घातलं का. एवढं होईतो पलीकडे बाळ रडायला लागायचं आणि ती म्हणायची, "ठेवते हां, हा उठला." चार मिनिटं. मी एकदा घड्याळ लावून बघितलं होतं. त्यानंतर उरायचो मी आणि हॉलमधला पंखा. या पंख्याला गेली दोन वर्षं टकटक असा आवाज येतो. संध्या असताना तो मला कधी ऐकू आला नव्हता.

तर रेल्वेचं असं. मे महिन्यात संध्याने सांगितलं, माळ्यावर क्षिप्राच्या वेळची दुपटी आहेत, ती कुरिअर करा. दुपटी काढायला चढलो तर मागे एक भलंमोठं खोकं, आणि वर आमच्या जावयांच्या अक्षरात, 'मितेश – ट्रेन.' जर्मनीत कंपनीच्या कामाला गेले होते तेव्हा हौसेने आणलेली, आणि बंगळुरातल्या फ्लॅटमध्ये जागा नाही म्हणून आमच्या माळ्यावर टाकलेली. म्हणजे मी आणि ती गाडी एकाच कारणाने नेरुळात होतो. मी फोन करून विचारलं, जरा उघडून बघू का? जावई म्हणाले, "लावा ना बाबा, तुमचा वेळ जाईल."

वेळ जाईल. मी काय वेळ घालवत बसलोय? सकाळी दूध, मग पेपर, मग भाजी, मग... असो. पण शब्द लागला. गाडी लावायची तर अशी लावायची की जावयांनी बघत राहावं, असं मी मनाशी ठरवलं.

डायनिंग टेबलाची दोन्ही पानं उघडून त्यावर रूळ मांडले. टेबल रिकामंच होतं, मी जेवतो टीव्हीपुढे. आता ही गाडी डिजिटल. आपल्या लहानपणी दुकानाच्या काचेत दिसायची तशी नव्हे, की वीज वाढवली की पळाली आणि कमी केली की थांबली. हिच्या रुळांत वीज सदैव भरलेली. तुमच्या हातात एक बटणांचं खेळणं. त्यावरून इंजिनाचा नंबर पुकारायचा, की त्या नंबरचं इंजिन कान टवकारतं आणि बाकीची ढिम्म उभी राहतात. आमच्या ऑफिसात शिपाई पुकारा करायचा तशीच व्यवस्था. मला ती लगेच पटली.

आणि आवाज. शून्याच्या बटणाला दिवे, एकला इंजिनाची घरघर, दोनला हॉर्न, पाचला ब्रेकची किंचाळी, सातला फलाटावरची गर्दी, नऊला एक बाई परक्या भाषेत घोषणा करते. बोटाएवढ्या इंजिनाच्या पोटात एवढासा स्पीकर, पण हॉर्न असा दणदणीत की पहिल्या वेळी मी स्वतःच बाजूला सरकलो. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी सातचं बटण पाऊण तास चालू ठेवलं होतं. माणसं बोलतायत, चाकाच्या बॅगा ओढतायत, कुणीतरी हसतंय. त्यातलं अक्षर कळत नव्हतं. पण घरात माणसं होती.

माझी घसरण सुरू झाली ती तिसऱ्या दिवशी. पावणेसातला फोन आला, मी एका हाताने उचलला, आणि दुसऱ्या हाताचं कोपर नेमकं दोनच्या बटणावर पडलं. हॉर्न वाजला.

"अहो, कुठे आहात तुम्ही?" संध्या म्हणाली.

हा प्रश्न तिने गेल्या चार महिन्यांत विचारला नव्हता. मी कुठे असणार हे ठरलेलंच होतं. आवाजात कुतूहल होतं, थोडी काळजी होती, आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "बाहेर आहे."

"बाहेर कुठे?"

"पनवेल स्टेशनवर," मी म्हणालो, आणि सातचं बटण दाबलं.

त्या दिवशी फोन चौदा मिनिटं चालला. एकटेच गेलात? कशासाठी? काय खाल्लंत? स्वेटर, म्हणजे ते जाऊ दे, छत्री घेतलीत का? मधे बाळ रडलं तर तिने ते क्षिप्राकडे दिलं, मला ठेवते म्हणाली नाही. मी नऊचं बटणही दाबून घेतलं. ती परदेशी बाई भोंग्यातून बोलू लागली. संध्या म्हणाली, "काय सांगतायत काही कळत नाही हो." मी म्हणालो, "स्टेशनवर कधी कळलंय?" यावर आम्ही दोघंही हसलो. फोनवर दोघांनी एकदम हसून किती दिवस झाले होते, ते मी मोजलं नाही, पण बरेच झाले होते.

एकदा पनवेल झाल्यावर कर्जत आलंच. मग खोपोली. मग रोहा. एकटा माणूस एवढा का फिरतो असा प्रश्न येणार, म्हणून मी एक ज्येष्ठ नागरिक भ्रमण मंडळ स्थापन केलं आणि त्यात कृष्णात नावाचे एक गृहस्थ घेतले. कृष्णात मूळचे कराडकडचे, करावे गावाशेजारी भाड्याने राहतात, डायबेटीस आहे पण बर्फी सोडत नाहीत. संध्या त्यांची रोज चौकशी करायची. "कृष्णातांना सांगा, मेथीदाणे भिजवून घ्या." मी सांगायचो, म्हणजे काय, मेथीदाणे भिजवायचो. एका सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि ओतताना बघितलं तर दोन कप झालेला. दुसरा कप मी अकरा वाजता गार झाल्यावर प्यालो.

याच दिवसांत एकदा क्षिप्राने विचारलं, "बाबा, पंधरा ऑगस्टला जोडून सुट्टी आलीय. तुमचं तेव्हा काय?" मी बेसावध होतो. मंडळाची इभ्रत राखायची म्हणून म्हणालो, "लोणावळा. तीन दिवस. बुकिंगसुद्धा झालंय." ती म्हणाली, "वा, मजा आहे बुवा तुमची." आणि विषय बदलला. मला वाटलं, चला, निभावलं.

एकच अडचण होती. पाचही डब्यांतले दिवे लावून, सातची गर्दी चालू ठेवून, वर हॉर्न मारला की सगळं स्टेशन एकदम मरायचं. दिवे गेले, माणसं गेली, बाई अर्ध्या शब्दात गेली. पहिल्यांदा असं फोनवर झालं तेव्हा मी चपळाईने फोन कापला आणि दोन मिनिटांनी लावून सांगितलं, "बोगदा आला होता." फलाटावर उभ्या माणसाला बोगदा कसा येतो, हे संध्याने विचारलं नाही. मी तेव्हा त्याला तिचा भोळेपणा समजलो.

पण रोज बोगदा परवडणार नव्हता. म्हणून मी सल्ला घेतला, आणि इथेच चुकलो. सल्ला दिला श्यामसुंदर यांनी. हे आमच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात आणि सोसायटीचे सचिव आहेत. ते मुळात तक्रार घेऊन आले होते. "काका, तुमच्या घरातून हॉर्न ऐकू येतो. मिसेस रोज गॅलरीत जाऊन बघतात कोणाची गाडी आली." मी त्यांना टेबलापाशी नेलं. त्यांनी आधी गाडीला दोन फेऱ्या मारायला लावल्या, मग स्वतः हॉर्न मारला. सगळं विझलं. "लोड," श्यामसुंदर म्हणाले. "तुमचा सँक्शन्ड लोड कमी पडतोय. टेन्शन नाही. ॲप्लिकेशन टाका."

अर्ज हा शब्द कानावर पडला आणि माझ्या अंगात चैतन्य आलं, हे मी लपवत नाही. सेवानिवृत्तीनंतर इतका चांगला विषय हाती लागला नव्हता. 'विषय: राहत्या घरी रेल्वे चालविणेकामी वाढीव वीजभार मंजूर होणेबाबत.' खाली सात मुद्दे. माहितीपुस्तिकेत एक अँपिअर, तीन अँपिअर, पाच अँपिअर असे आकडे होते, ते सगळे घातले. लपवाछपवी नको. प्रत माहितीसाठी सोसायटीला.

वीज कार्यालयात खिडकीवरच्या बाईंनी अर्ज वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि पुन्हा वाचला.

"रेल्वे?"

"हो."

"म्हणजे मेट्रो का?"

"त्याहून छोटी."

"मोनो?"

"त्याहूनही छोटी. डायनिंग टेबलावर मावते."

बाईंनी शेजारच्या बाईंना बोलावलं, त्या दोघींनी मिळून आतल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. मी म्हणालो, सध्या मी एकटाच असतो. तेव्हा त्या तिघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. मी काही खुळा नाही. मी आवक-जावकचा माणूस आहे. ते फार नरम आवाजात म्हणाले, "काका, आमच्याकडे घरगुती, व्यापारी, औद्योगिक असे रकाने आहेत. रेल्वेचाही आहे, पण तो रेल्वेसाठी आहे. तुम्ही असं करा, सोसायटीचं ना-हरकत आणा आणि टेबलाचा नकाशा, तीन प्रतींत." मला वाटतं त्यांना मी परत येऊ नये असं वाटत होतं. मी नकाशा त्याच संध्याकाळी काढला.

सोसायटीच्या सभेत माझा विषय पाण्याच्या गळतीनंतर आला. एकांनी विचारलं, धक्क्याने पिलरला तडा जाईल का? दुसऱ्यांनी विचारलं, बिल्डिंगमध्ये स्टेशन आलं तर फ्लॅटचा भाव वाढतो म्हणतात, ते यालाही लागू आहे का? पाऊण तासाने अटींवर ना-हरकत मिळालं. गाडी सदनिकेच्या उंबऱ्याबाहेर येणार नाही. गाडीतून मालवाहतूक होणार नाही. हॉर्न संध्याकाळी पावणेसात ते सात याच वेळेत वाजेल. मी सही केली. सभेला बावीस माणसं होती, आणि घरी येताना जिन्यात चार जणांनी "काका, एकदा दाखवा हां" म्हटलं. त्यातलं कुणी आलं नाही. लोकांना कामं असतात.

मग वायरिंग तपासून दाखला द्यायला गोटीराम आला. गोटीराम सारसोळे गावातला इलेक्ट्रिशियन. त्याचा बाप अजून खाडीत कोलंबीला जातो, हा मात्र टॉवरांतल्या वायरी बघतो. त्याने मीटर लावला, गाडी सोडायला लावली, आणि माझी ती फाइल, नकाशासह सतरा पानांची, हळूच बाजूला सरकवली.

"सायेब, ही गाडी किती खाते ठावं हाय का? तुमच्या या पंख्यापरीस कमी."

"मग बंद का पडते?"

"घरान वीज रग्गड हाय. पन मधला हा काला डबा लहान हाय ना, प्लगचा. तो चिमटी चिमटीन वाढतो. डब्यांचं दिवं लागलं, इंजिन बोंबलाला लागला, का याला झेपत नाय. मंग तो तोंड मिटतो. डबा मोठा आना, बास."

"म्हणजे अर्ज?"

"अर्ज कशाला केलाव?" गोटीराम म्हणाला.

जाताना त्याची नजर वर गेली. "पंख्याची बेरिंग गेली हाय. धा मिन्टान करून देतो."

"राहू दे."

"टकटक आयकू येत नाय तुमाला?"

"येते. म्हणूनच राहू दे," मी म्हणालो. "तेवढाच आवाज असतो रे घरात."

हे मी का बोललो मला माहीत नाही. गोटीरामने पक्कड पिशवीत टाकली, पिशवी परत खाली ठेवली आणि खुर्ची ओढली. "मंग चाय टाका," म्हणाला. "मना काय घाई नाय." अर्धा तास बसला. त्याने कोलंबीचं सांगितलं, मी मुदतवाढीचं सांगितलं. दोन कप चहा झाला आणि दोन्ही गरमच संपले.

मोठ्या डब्यासाठी मी जावयांना फोन केला. ते खूश झाले. "बाबा, पाच अँपिअरचा मागवतो, पंधरा दिवस लागतील. तोवर आवाजाचं एकच इंजिन ठेवा रुळावर. आणि खोक्यात दुसरं इंजिन आहे ना, निळं, त्याचा नंबर बदलून घ्या. नवीन इंजिन येतं तेव्हा त्याचा नंबर तीनच असतो, दोन्हीचा तीन आहे." मी "हो हो" म्हणालो. जावयांनी काही समजावलं की सासऱ्याने "हो हो" म्हणायचं असतं. काय बदलायचं, कसं बदलायचं, हे विचारायचं नसतं. माझा फोन ठेवला की ते म्हणणार, बाबांना जमत नाहीये. त्यापेक्षा न बदललेलं बरं.

आणि मग तो रविवार. संध्याने सकाळीच मेसेज केला होता, आज सगळेच घरी आहोत, स्पीकरवर बोलू. सगळे म्हणजे क्षिप्रा, जावई आणि बाळही. मी ठरवलं, आज साधं कर्जत नको. आज जंक्शन. निळं इंजिन खोक्यातून काढलं, कापडाने पुसलं आणि बाजूच्या रुळावर नुसतं शोभेला उभं केलं. पाच डबे, सगळे दिवे. मी इस्त्रीचा शर्टही घातला. फोन साधा होता, व्हिडिओ नव्हे, हे मला माहीत होतं. तरी घातला.

पावणेसातला रिंग आली. सातचं बटण चालू, गर्दी चालू.

"बाबा, आज कुठे स्वारी?" क्षिप्रा म्हणाली.

"कल्याण जंक्शन," मी म्हणालो. "काय गर्दी आहे म्हणून सांगू. कृष्णात तिकिटाच्या रांगेत गेलेत."

"बाबा, हॉर्न ऐकवा ना बाळाला. गाडी येतेय का एखादी?" जावई म्हणाले. आपल्या गाडीचा आवाज ते ओळखतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी रुबाबात म्हणालो, "ही काय आलीच." आणि तीन नंबर पुकारून हॉर्न दाबला.

दोन्ही इंजिनं एकदम ओरडली. निळं, जे शोभेला होतं, त्यानेही आपला पुकारा समजून दिवे लावले, घरघर सुरू केली आणि गळा काढला. दीड सेकंद खरंच जंक्शन झालं. मग काळ्या डब्याने तोंड मिटलं. दिवे गेले. इंजिनं गेली. कल्याणची सगळी माणसं एका क्षणात नाहीशी झाली.

फोन कापायला हवा होता. माझा अंगठा हललाच नाही.

शांतता. बंगळुरातही आणि नेरुळातही. आणि त्या शांततेत, टक. टक. टक.

"अहो," संध्या म्हणाली, अगदी हळू. "कल्याणला पण आपला पंखा आहे का हो?"

मी मान वर करून पंख्याकडे बघितलं.

"पनवेललाही होता. कर्जतला होता. रोह्याला तर फार जोरात होता. मी म्हटलं, या माणसाने फलाटाफलाटावर आपला पंखा कसा नेला?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. मी विचारलं असतं तर तुम्ही आणखी लांबचं स्टेशन सांगितलं असतंत. ओळखत नाही का मी तुम्हाला."

तेवढ्यात क्षिप्राचा आवाज आला, आणि तो रडवेला होता. "म्हणजे बाबा, लोणावळा? ते बुकिंग?"

"लोणावळा नाही," मी म्हणालो.

"बाबा, पंधरा ऑगस्टला आम्ही तुम्हाला इकडे बोलावणार होतो. कायमचं, म्हणजे आई इथे असेपर्यंत तरी. मितेशने तिकीट बघून ठेवलं होतं. तुम्ही म्हणालात बुकिंग झालंय, मंडळ आहे, मित्र आहेत. मला वाटलं, बाबा तिथे छान रमलेत, कशाला त्यांना इथे डांबून ठेवायचं. आईला म्हटलंसुद्धा मी, तू राहा आरामात, बाबांची काळजी नाही."

म्हणजे सात, नऊ आणि दोन ही बटणं दाबून दाबून मी स्वतःचं बोलावणं स्वतःच रद्द करून घेतलं होतं. चौतीस वर्षांत इतका चोख निकाली काढलेला अर्ज माझ्या हातून गेला नसेल. तो माझाच अर्ज होता आणि मी तो केलाही नव्हता.

"अहो, आहात ना?" संध्या म्हणाली.

"आहे," मी म्हणालो. "संध्या, मला इथे करमत नाही गं."

एवढंच वाक्य. सात मुद्दे नाहीत, प्रत माहितीसाठी नाही. सात महिने ते प्रलंबित होतं आणि निघालं तेव्हा फार लहान निघालं. मग संध्याने नाक ओढलं आणि म्हणाली, "मलाही. इथे सगळे आहेत, पण तुमच्यासारखं भांडायला कुणी नाही." आणि मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "दूधवाला बंद करा. टाकी श्यामसुंदर बघतील. ती गाडी खोक्यात भरून आणा, बाळ हॉर्न ऐकून थांबलंय रडायचं. आणि कृष्णातांचं तिकीट काढू नका, आमच्याकडे अंथरुणं कमी आहेत."

मंगळवारी दुपारी गोटीराम आला. मी किल्ली श्यामसुंदरांकडे ठेवायला निघालो होतो. "आता करू का पंखा?" त्याने विचारलं. मी म्हणालो, कर. त्याने दहा मिनिटांत केला. पंखा फिरला आणि घरात कसलाच आवाज आला नाही. गोटीरामने माझं खोकं उचलून रिक्षात ठेवून दिलं.

संध्याकाळी पावणेसातला फोन आला तेव्हा मी कल्याणला पाच नंबरच्या फलाटावर बंगळुरच्या गाडीची वाट बघत खोक्यावर बसलो होतो. गर्दी म्हणजे काय गर्दी. भोंग्यातून घोषणा चाललेली, एक अक्षर कळत नव्हतं. समोरून मालगाडी हॉर्न मारत गेली.

"पुरे आता," संध्या ओरडली. "खोक्यात भरलीत ना ती गाडी? बंद करा ते, काही ऐकू येत नाही."

"अगं, हे खरं कल्याण आहे," मी म्हणालो. "याला माझ्याकडे बटण नाही."

ती फोनला कान लावून नीट ऐकत होती. मला कळलं, ती पंखा शोधतेय. तिला तो सापडला नाही, तेव्हा म्हणाली, "पाण्याची बाटली घेतलीत का?" मी म्हणालो, घेतली.